बारा नावं लिहून दाखवा

परवा संध्याकाळी टपरीवर आमची नेहमीची बैठक बसली होती. विषय अर्थातच क्रिकेट. हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणला, रोहितला बाजूला सारून त्याच्याकडं मुंबईचं कर्णधारपद दिलं आणि २०२४ ला संघ दहापैकी दहावा आला, हे प्रकरण आमच्याकडं अजून मिटलेलं नाही. एकाचं म्हणणं, मालकांची चूक. दुसरा म्हणतो, गोलंदाजीच नव्हती, कर्णधार कुणीही असता तरी तेच झालं असतं. कुठल्या संघानं कुणाला राखलं, कुणाला सोडलं, लिलावात कुणाकडं किती कोटी शिल्लक होते, सगळं तोंडपाठ. उधारीचा हिशेब लक्षात राहत नाही, पण हे राहतं.

आमच्यात एक मास्तर आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, बोलतात कमी. ते मधेच म्हणाले, "समजा, उद्या मुलींच्या खो-खोची लीग निघाली आणि धाराशिवचा संघ करायचा ठरला. आजवर खेळलेल्या सगळ्या मुलींतून निवडा. बारा नावं सांगा."

सगळे एकदम सरसावून बसले. एवढं काय, खो-खो म्हणजे आपल्या घरचा खेळ. सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडला, पेन घेतला. पहिलं नाव सारिका काळे. दुसरं अश्विनी शिंदे. तिसऱ्या-चौथ्या नावावर थोडं अडखळलो. पाचव्यापासून सुरू झालं, "अरे ती नाही का, उंच, खांबावर खेळायची ती..." आणि "शिंगोलीकडची का कुठली ती, जबरदस्त पळायची, नाव काय तिचं?" पुठ्ठ्यावर सहा नावं झाली आणि पेन थांबला. त्या सहातल्या दोन नावांवरही वाद होताच.

सगळ्यात जास्त लाज मला वाटली. बाकीच्यांचं एक ठीक आहे. मी मात्र वीसेक वर्षं याच जिल्ह्यात बातम्या लिहितोय, त्यातली निम्मी वर्षं क्रीडा पानही मीच भरलंय. मला बारा नावं यायला नकोत का?

रात्री झोप लागली नाही म्हणून हे लिहायला घेतलं. मोठं आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडं एक मागणं आहे.

आधी थोडा जुना हिशेब.

खो-खो आपल्याकडं पोरं कधीपासून खेळतात ते कुणी सांगू शकणार नाही. पण त्याला नियमांची चौकट बसली ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात, १९१४ साली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं आपले देशी खेळ करून दाखवले, त्यात खो-खोही होता. त्या काळात आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. पुण्या-मुंबईला आखाडे आणि जिमखाने उभे राहत होते, तेव्हा इकडं परिस्थिती वेगळीच होती. १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. योगायोग बघा, पुरुषांची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९५९-६० ला विजयवाड्यात झाली आणि लगेच पुढच्या वर्षी कोल्हापुरात महिलांचीही. म्हणजे आपण महाराष्ट्रात आलो आणि बायकांचा राष्ट्रीय खो-खो सुरू झाला, हे दोन्ही एकाच सुमाराला.

शर्यतीत आपण उशिरा उतरलो, तरी पुढं आलो. कारण सरळ आहे. हा खेळ स्वस्त आहे. दोन खांब, चुन्याची पिशवी आणि सपाट जागा मिळाली की काम झालं. बॅट नको, पॅड नको, बूटसुद्धा नकोत. जिथं तीन वर्षांतून एकदा पीक धड हाती लागतं, तिथं असाच खेळ रुजणार. २०१८ ला नीती आयोगानं देशातल्या मागास जिल्ह्यांची 'आकांक्षित' म्हणून यादी काढली, त्यात आपलं नाव होतं. भूम, परांडा, वाशी, कळंबकडून ऊसतोडीला गाड्या निघतात हे मी तुम्हाला सांगायला नको. अशा जिल्ह्याच्या मुली राज्य स्पर्धेत पुणे, ठाणे, सांगली, साताऱ्याच्या मुलींपुढं उभ्या राहतात आणि त्यांना घाम फोडतात. चंद्रजित जाधव यांच्यासारखे प्रशिक्षक आणि गावोगावचे क्रीडाशिक्षक यांनी वर्षानुवर्षं पहाटे मैदानावर उभं राहून हे केलंय.

यातूनच सारिका काळे आली. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाली. त्या स्पर्धेत खो-खो पहिल्यांदाच खेळला गेला. भारताच्या महिला संघाची कर्णधार होती आपली सारिका, आणि संघानं सुवर्ण आणलं. २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी मिळाला होता. देशात २२ वर्षं कुणालाच मिळाला नव्हता आणि मिळाला तो तेव्हाच्या उस्मानाबादच्या पोरीला.

ही झाली अभिमानाची बाजू. दुसरी बाजू तिनं स्वतःच पुरस्कारानंतर पत्रकारांना सांगितली होती. जवळपास दहा वर्षं तिनं दिवसातून एकवेळच्या जेवणावर काढली. आणि ज्या २०१६ मध्ये तिच्या गळ्यात सुवर्णपदक होतं, त्याच वर्षी घरच्या ओढाताणीमुळं ती खेळ सोडायला निघाली होती. प्रशिक्षकांनी समजूत काढली म्हणून मैदानावर परतली. पुढं तालुका क्रीडा अधिकारी म्हणून नोकरी लागली, तेव्हा कुठं घर सावरलं.

आता आपण चाहते म्हणून संघाची चर्चा कशी करतो ते बघा. "निवड चुकली." "कर्णधार बदला." "तिसऱ्या तुकडीत दम नाही." "पुण्या-मुंबईवाल्यांचा वशिला आहे." २०१६ ला सारिका परतली नसती, तर पुढच्या निवडीत तिचं नाव यादीत दिसलं नसतं आणि आपण कुणाला शिव्या घातल्या असत्या? निवड समितीला. त्या यादीत खड्डा पडला असता, पण तो निवड समितीनं पाडलेला नसता. तो घरातल्या रिकाम्या डब्यानं पाडलेला असता.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. संघातली उणीव निवडीच्या दिवशी तयार होत नाही. निवडीच्या दिवशी ती फक्त दिसते.

खो-खोत उणीव म्हणजे काय, हे नव्या पोरांसाठी थोडं उलगडून सांगतो. पारंपरिक खेळात नऊजणी मैदानावर. पाठलागाच्या वेळी आठ जणी पाटीवर बसतात, एक पळते. संरक्षणाच्या वेळी तीन-तीनच्या तुकड्या आत येतात. पहिल्या तुकडीतली तिसरी बाद झाली की पुढच्या तिघींनी दोन खो पडायच्या आत मैदानात यायचं. तुकड्यांचा क्रम आधी ठरलेला असतो. त्यामुळं कर्णधाराचं खरं डोकं इथं लागतं. सगळ्या चांगल्या पळणाऱ्या पहिल्या तुकडीत घातल्या तर सुरुवात झोकात होते, पण त्या बाद झाल्या की मागं गळती लागते. दोन चांगल्या मागं ठेवल्या तर समोरचा संघ पहिल्याच झटक्यात पुढं निघून जातो. पाठलागात तसंच. खांबावर सूर मारणारी एक हवी, खो देऊन समोरचीला कोंडीत पकडणारी एक हवी, शेवटच्या मिनिटाला डोकं शांत ठेवणारी एक हवी. नऊ धावणाऱ्या जमवल्या म्हणजे संघ झाला असं नाही.

आपल्या जिल्ह्याचे सामने मी पाहिलेत त्यात बहुतेक वेळा पहिली तुकडी फर्स्टक्लास असते. अडचण येते ती तिसऱ्या तुकडीला. आणि टपरीवरचा प्रत्येकजण हे सांगतो. पण तिसरी तुकडी कच्ची का, हे कुणी विचारत नाही. मी सांगतो. चौदा वर्षांखालच्या गटात आपल्याकडं पंधरा-वीस चांगल्या मुली असतात. अठराखालच्या गटात दहा-बारा राहतात. बावीस-तेविसाव्या वर्षी, म्हणजे खो-खोतला खेळाडू ऐन भरात येतो तेव्हा, चार-पाच. हा माझा डोळ्यांचा अंदाज आहे, सरकारी आकडा नव्हे, पण कुठल्याही क्रीडाशिक्षकाला विचारा, तो मान हलवेल. बाकीच्या कुठं गेल्या? कुणाचं लग्न झालं. कुणाचं कॉलेज दूर पडलं आणि संध्याकाळची शेवटची एसटी सरावाच्या आधी सुटते. कुणाचं घर सहा महिने कारखान्यावर. कुणाचा गुडघा गेला आणि उपचाराला पैसे नव्हते. तिसरी तुकडी तिथं विरघळलेली असते.

मोठ्या लीगमध्ये ज्याला 'ट्रेड' म्हणतात, खेळाडूंची अदलाबदल, ती आपल्याकडंही आहे. फक्त तिला तसं कुणी म्हणत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांच्या संघांबरोबर रेल्वे, विमानतळ प्राधिकरण अशा संस्थांचेही संघ उतरतात. ज्याला तिथं नोकरी लागते तो त्या संघाकडून खेळतो. म्हणून महाराष्ट्रासमोर उभ्या असलेल्या संघात महाराष्ट्रातच घडलेला खेळाडू दिसतो. काही लोक याला गद्दारी म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ज्या पोराला आपण पगार देऊ शकलो नाही, त्याला कुणी पगार दिला तर त्याच्याकडून तो खेळणारच. खरं म्हणजे खो-खोच्या इतिहासात नेमणुकीचा आदेश हाच सगळ्यात मोठा 'ट्रेड' आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यावर कितीतरी घरं उभी राहिली. लग्न ही दुसरी अदलाबदल. पण तिच्यात मुलगी दुसऱ्या संघात जात नाही, खेळातूनच जाते. त्या बदल्यात आपल्याला काहीच मिळत नाही.

मग २०२२ ला अल्टिमेट खो-खो आली. पहिला हंगाम पुण्यात बालेवाडीला. सहा संघ: चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान, तेलुगू. इथं आयपीएलसारखी बोली नव्हती. खेळाडूंचे गट पाडले होते आणि प्रत्येक गटाची रक्कम ठरलेली, वरच्या गटाला ५ लाख. संघांनी पाळीपाळीनं नावं उचलायची, याला ड्राफ्ट म्हणतात. संघ सात जणांचा केला. साध्या गड्याला २ गुण, सूर मारून बाद केलं तर ३. वझीर आणला, त्याला कुठल्याही दिशेनं पळायची मुभा. जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पण पोरं टीव्हीला चिकटली हे खरं. अंतिम सामना तर आठवतो ना? ओडिशा ४६, तेलुगू योद्धाज ४५. शेवटच्या काही सेकंदांत सूरज लांडेनं सूर मारला आणि एका गुणानं करंडक फिरला. हरलेल्या संघाचा कर्णधार आपला पुण्याचा प्रतीक वाईकर. त्या रात्री आमच्या टपरीवर खो-खोच्या डावपेचांवर जो वाद झाला, तसा मी आयुष्यात ऐकला नव्हता. शेवटी कुणाला आत ठेवायला हवं होतं, कुणाला आधी काढायला हवं होतं, रात्री अकरापर्यंत. मला मनापासून बरं वाटलं. आपला खेळ क्रिकेटसारखा बोलला जात होता.

दुसरा हंगाम २०२३ च्या डिसेंबरात कटकला सुरू झाला आणि जानेवारीत गुजरातनं चेन्नईला ३१-२६ हरवून जिंकला. पुन्हा चर्चा, कुणाला राखलं, कुणाला सोडलं.

पण या सगळ्या गडबडीत एक गोष्ट माझ्यासकट कुणीच बोललं नाही. दोन्ही हंगाम पुरुषांचे होते. आपल्या जिल्ह्याचं नाव देशात ज्यांनी केलं त्या मुली. अर्जुन पुरस्कार मुलीचा. भारताचं कर्णधारपद मुलीकडं. आणि लीग, ड्राफ्ट, पाच लाख, टीव्ही, हे सगळं मुलांचं. आपण टाळ्या वाजवत बसलो.

आता जानेवारी २०२५. दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, १३ ते १९ तारखेला. पुरुषांचे २० संघ, महिलांचे १९. भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे, आणि पंधरा जणींत आपली अश्विनी शिंदे. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं धुतलं. उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला ६६-१६. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४०. पुरुषांनीही नेपाळलाच ५४-३६ हरवलं. महाराष्ट्र सरकारनं आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी आणि वर्ग एकची नोकरी जाहीर केली. शेजारच्या कर्नाटकानं आपल्या दोघांना ५ लाख दिले, तर त्या दोघांनी महाराष्ट्राचं उदाहरण देऊन ते नाकारले. याबाबतीत आपल्या सरकारला पूर्ण गुण.

पण त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडत होती. १२ जानेवारीपासून रांचीला महिलांची हॉकी इंडिया लीग सुरू होती, इतिहासात पहिल्यांदा. चार संघ. त्याआधीच्या लिलावात उदिता दुहान या खेळाडूला ३२ लाखांची बोली लागली होती. क्रिकेटमध्ये तर २०२३ लाच महिलांची लीग आली आणि आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला बंगळुरूनं ३ कोटी ४० लाखांना घेतलं. म्हणजे हॉकीच्या पोरींना बाजार मिळाला, क्रिकेटच्या पोरींना मिळाला. खो-खोच्या पोरी मात्र जगज्जेत्या झाल्या आणि त्यांना निवडायला एक ड्राफ्टसुद्धा नव्हता.

काही जण म्हणतील, सव्वादोन कोटी दिले ना, आणखी काय पाहिजे? अहो, ते बक्षीस आहे. बक्षीस शिखरावर पोचलेल्याला मिळतं. मी बोलतोय ती शिखराच्या खाली असलेल्या मुलीबद्दल, जी जिल्ह्यात दहावी-बारावी आहे. लीगमध्ये सगळ्यात खालच्या गटातल्या खेळाडूलाही पैसे मिळतात. सामना न खेळता राखीव बसलेल्यालाही मिळतात. आपल्या तिसऱ्या तुकडीतल्या मुलीला वर्षाला लाखभर रुपये मिळायला लागले, तर बाप लग्नाची घाई करताना एकदा तरी थांबेल. सगळेच थांबतील असं नाही. पण दहातले दोन थांबले तरी तिसरी तुकडी पक्की होते.

इथवर सरकारबद्दल, लीगबद्दल बोललो. आता माझ्याबद्दल.

दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या मुलींनी एक राज्य पातळीवरचा सामना जिंकला होता. मी मैदानावर हजर होतो. शेवटच्या पाळीत आपल्या दोन तुकड्या लवकर गेल्या. तिसऱ्या तुकडीत एक सावळी, बारीक पोरगी होती, ती एकटी राहिली. दोन मिनिटांच्या वर पळाली. साखळी पळत होती, खांबाजवळ आली की अशी हुलकावणी द्यायची की पाठलाग करणारी पुढं निघून जायची. सामना तिनं काढला. मी उभा राहून ओरडत होतो.

संध्याकाळी ऑफिसात येऊन बातमी टाकली. दुसऱ्या दिवशी आत, खालच्या कोपऱ्यात आली. त्या काळात मी ज्या दैनिकात होतो तिथं जागेचा प्रश्न कायमचाच, पण लिहिली मी होती.

चार-पाच वर्षांनी तहसीलच्या आवारात एक बाई समोर आली. कडेवर पोर. "सर, ओळखलं का?" मी ओळखलं नाही. तिनं सामन्याचं नाव सांगितलं, तेव्हा आठवलं. तीच पोरगी. रेशनकार्डाच्या कामाला आली होती. इकडतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "त्या दिवशीच्या पेपरचं कात्रण असलं तर द्या की. घरात कुणाला खरंच वाटत नाही मी खेळत होते म्हणून. लेकीला दाखवीन."

मी आनंदानं हो म्हणालो. ऑफिसात जाऊन जुने अंक काढले, बातमी सापडली. वाचली. मथळा होता, आपल्या मुलींनी बाजी मारली म्हणून. खाली बक्षीस कुणाच्या हस्ते दिलं त्यांचं नाव. मग प्रमुख पाहुणे. मग अध्यक्षस्थानी कोण होते. मग "यावेळी व्यासपीठावर" म्हणून अकरा नावं, पदांसकट. सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले. आणि ज्या नऊजणी पळाल्या, त्यांच्यातलं नाव एक. कर्णधाराचं.

ते कात्रण मी तिला दिलं नाही. काय म्हणून देणार? पुढं ती मला कधी दिसली नाही आणि मीही शोधलं नाही. परवा टपरीवर बारा नावांची यादी अडली, तेव्हा सातवं नाव तिचं असायला पाहिजे होतं. सामना डोळ्यापुढं आला, ती हुलकावणी डोळ्यापुढं आली, तिचं नाव काही केल्या आलं नाही.

मित्रहो, आपण ज्याला "क्रिकेटप्रेमींचा अभ्यास" म्हणतो ना, तो अभ्यास आकाशातून पडत नाही. रोहितनं कुठल्या सामन्यात किती केले हे आपल्याला माहीत असतं, कारण कुणीतरी प्रत्येक चेंडू लिहून ठेवलेला असतो. खो-खोतही गुणलेखक असतो. प्रत्येक खेळाडू किती मिनिटं, किती सेकंद पळाली आणि तिनं किती गडी बाद केले, हे गुणपत्रिकेवर लिहिलं जातं. म्हणजे माहिती तयार होते. पण सामना संपला की तो कागद कुणाच्या तरी फाइलीत, नाहीतर कपाटात जातो आणि संपतो. नोंद नसली की वाद फक्त आवाजावर चालतो. ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. निवड योग्य झाली की वशिल्यानं झाली, हे ठरवायला हातात काहीच नसतं. मुलीवर अन्याय झाला असला तरी तिला दाखवता येत नाही. आणि निवड प्रामाणिकपणे केलेली असली तरी बिचाऱ्या निवडणाऱ्यांना सिद्ध करता येत नाही. नोंद दोघांनाही वाचवते.

म्हणून तीन गोष्टी लिहितो. पटल्या तर उचला, नाही पटल्या तर खाली भांडा.

एक. महिलांची लीग व्हावी ही मागणी आपल्या जिल्ह्यातून उठली पाहिजे. अर्जुन पुरस्कार आणि विश्वचषक, दोन्ही आपल्या पोरींच्या घरात आलेत. हे मागायचा हक्क आपल्याएवढा कुणाला आहे? पुढारी सत्काराला येतात तेव्हा हार घालायच्या आधी हे विचारा.

दोन. जिल्हा आणि तालुका निवड चाचणी झाली की प्रत्येक मुलीची वेळ आणि गुण भिंतीवर लावा, फोटो काढून ग्रुपवर टाका. याला पैसे लागत नाहीत. पालकांनी हे मागून घ्यावं.

तीन. आम्हा पत्रकारांसाठी, आणि आधी माझ्यासाठी. इथून पुढं माझ्या हातून जाणाऱ्या खो-खोच्या कुठल्याही बातमीत आधी खेळाडूंची नावं जातील, नऊच्या नऊ, राखीवसुद्धा. जागा उरली तर व्यासपीठ. एखाद्या पाहुण्याचा फोन आला, "आमचं नाव राहिलं की हो," तर मी त्यांना ही पोस्ट पाठवीन.

आणि आता ते मागणं.

तुमच्या घरात, शेजारी, गावात कुणी बाई असेल जी कधीकाळी जिल्ह्याकडून, विद्यापीठाकडून, राज्याकडून खो-खो खेळली असेल, तिच्याशी बोला. तिची हरकत नसेल तर नाव, शाळा, कुठल्या साली खेळली, कुठल्या तुकडीत किंवा कुठल्या जागेवर, एवढं मला कळवा. जुनी गुणपत्रिका, प्रमाणपत्र, गटाचा फोटो असेल तर त्याचा फोटो काढून पाठवा. धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा, लोहारा, भूम, परांडा, वाशी, आठही तालुके. क्रीडाशिक्षक निवृत्त झाले असतील त्यांच्या ट्रंकेत नक्की काहीतरी असणार, त्यांना जरा उठवा. जे येईल ते मी वर्षवार लावून दर रविवारी इथं टाकत जाईन. चूक असेल तर तुम्ही दुरुस्त करा.

यादी मोठी झाली की मग आपण पुन्हा टपरीवर बसू आणि बारा जणींचा संघ करू. तेव्हा मनसोक्त भांडू. पहिल्या तुकडीत कोण, खांबावर कोण, वझीर कुणाला करायचं, कुणाला बाहेर बसवायचं. तेव्हा ते भांडण खरं असेल.

आणि जिच्याबद्दल वर लिहिलंय, तिनं हे वाचलं, किंवा तिच्या ओळखीच्या कुणी वाचलं, तर एवढं सांगा: कात्रण माझ्याकडं आहे, पण त्यात तुझं नाव नाही. चूक माझी होती. नाव कळव, या वेळी लिहितो.